वाढपी आणि वही

संगणकावरील एखादा प्रोग्राम व त्यास लागणारें सर्व साहित्य एकत्र बांधलें, म्हणजे त्यास कंटेनर म्हणतात. असे कंटेनर सांभाळणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलनें २०१४ सालीं जाहीर केली. ती घरच्या एकाच लिनक्स यंत्रावरही शिकतां येते.

दोन प्रोसेसर, दोन गिगाबाइट मोकळी मेमरी व वीस गिगाबाइट जागा असली म्हणजे पुरे. प्रथम डॉकर बसवावें, आपलें नांव डॉकरच्या गटांत घालावें, आणि मग 'मिनिक्यूब स्टार्ट' ही आज्ञा द्यावी. ती रूट होऊन देऊं नये, नाकारली जाते.

आमच्या पुतण्यानें घरखर्चाची वही या रीतीनें चालविली. 'एक पॉड सदैव चालू असावा', इतकेंच कुबरनेटीसला सांगावयाचें. तो नाहींसा झाला कीं दुसरा आपोआप उभा राहतो. पंगतींत तुपाचा वाढपी उठून गेला, तर कारभारी लगेच दुसरा उभा करतो, तसेंच हें. पुतण्यानें कौतुकानें पॉड पुसून दाखविला. नवा आला, परंतु वहिनींनीं दुपारभर बसून टिपलेला दिवाळीचा हिशेब गेला! तूप कोणाच्या पानावर पडावयाचें राहिलें, हें नव्या वाढप्यास कसें ठाऊक असणार?

म्हणून जतन करावयाचें तें पॉडबाहेर, पर्सिस्टंट व्हॉल्यूमवर ठेवावें. 'मिनिक्यूब डिलीट' म्हटलें कीं तोही जातो. यास्तव एक प्रत निराळ्या यंत्रावर असावी. वाढपी बदलला तरी चालतें. वही मात्र फडताळांतच हवी.