विश्लेषण : शेतातले नायट्रेट विहिरीत कधी पोहोचते?

पिकाला दिलेल्या युरियातील सगळे नत्र पीक घेत नाही. उरलेल्यापैकी काही भाग नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के, तर महाराष्ट्रातील ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. ही मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. अतिरिक्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळूनही ते जात नाही.

संगणकीय प्रारूप काय सांगते?

‘हायड्रस’सारखी प्रारूपे जमिनीचे पातळ काल्पनिक थर पाडतात. प्रत्येक थरात पाणी किती आले, मुळांनी किती शोषले, किती खाली गेले, याचा दिवसागणिक हिशेब होतो. त्यामागे डार्सीचा १८५६ मधील नियम आणि रिचर्ड्सचे १९३१ मधील समीकरण आहे. मग पाण्याबरोबर रसायन किती वाहिले, किती पसरले, किती मातीला चिकटले हे पाहिले जाते.

साधे उदाहरण घेऊ. वर्षाला ३०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली उतरते आणि मातीचा ३० टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे, असे समजा. मग ते पाणी वर्षाला सुमारे एक मीटर सरकेल. दहा मीटरवरील भूजल गाठायला दहा वर्षे लागतील. नायट्रेट ऋणभारित असल्याने मातीला फारसे चिकटत नाही, ते पाण्याच्याच वेगाने जाते. मातीला धरून राहणाऱ्या कीटकनाशकाला याच्या अनेक पट काळ लागू शकतो.

मग अंदाज चुकतो कुठे?

काळ्या मातीत. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी थरांतून न झिरपता भेगांतून थेट खाली जाते. त्याखाली मुरूम आणि भेगाळ बेसाल्ट. दहा वर्षांचा प्रवास अशा वाटेने एका पावसाळ्यातही होऊ शकतो. भेगांचा प्रवाह वेगळा मोजणारी प्रारूपे आहेत, पण त्यांना स्थानिक मोजमापे लागतात.

धोरणासाठी धडा कोणता?

आज विहिरीचे पाणी शुद्ध आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. प्रदूषण वाटेत असू शकते. तसेच आज खत कमी केले तरी पाणी लगेच सुधारणार नाही, म्हणून तो उपाय फसला असेही ठरत नाही. कचराभूमी किंवा सांडपाण्याच्या प्रकल्पाला परवानगी देताना प्रारूपाचा निष्कर्ष मांडला जात असेल, तर त्यात भेगा धरल्या होत्या का आणि माती कुठली मोजली, हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. युरिया हप्त्यांनी देणे, मुसळधार पावसाच्या तोंडावर तो न टाकणे आणि मुळांखालच्या पाण्याची नियमित तपासणी करणे, हे उपाय हाताशी आहेत. विहीर बिघडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.