पैठणच्या घाटावरील उडी

उन्हाळ्याची सुटी लागली, की गोदाकाठच्या गावांतील मुले नदीकडे धाव घेतात. ही चाल आजची नव्हे आणि ती निंद्य तर मुळीच नव्हे. आधी घाटाच्या खालच्या पायरीवरून मुटका मारावा, मग वरच्या पायरीवरून, मग कठड्यावरून, आणि शेवटी पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा अशा एखाद्या बुरुजावरून वा पुलावरून सूर मारावा, हा क्रम कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. आज शहरांत मानाने वावरणाऱ्या अनेक वकील-डॉक्टरांनी पोहण्याचे पहिले धडे अशाच घाटांवर गिरविले आहेत. तेव्हा मुलांनी पाण्याला भ्यावे, असे सांगण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या पाण्यात मूल उडी घेते ते पाणी आज, या घटकेला, किती खोल आहे, हे त्याला कोण सांगतो?

पूर्वी हे सांगणारी माणसे घाटावरच होती. नदीवर पोट असलेल्या कोळ्या-भोयांना, नित्य स्नानास येणाऱ्या वृद्धांना गोदावरीचे अंतरंग ठाऊक होते. आषाढात पाणी कोठवर चढते, पाडव्यानंतर कोणता डोह किती उरतो, कोणत्या पायरीपुढे खडक आहे, हे ज्ञान ऋतूंच्या ठरलेल्या चालीवर उभे होते, आणि नदी ती चाल सहसा सोडीत नसे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याच्या तहानेवरचा तो मोठाच उपाय होता. आमच्या या शहराच्या नळांनाही त्याच नाथसागराचे पाणी येते. परंतु त्या दिवसापासून पैठणची गोदावरी ऋतूंच्या आज्ञेत राहिली नाही. ती २७ दारांच्या आज्ञेत गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये धरणातून सोडलेले पाणी पैठण गावात शिरले. २०१६ च्या उन्हाळ्यात जलाशयच मृतसाठ्याच्या खाली गेला. धरणाच्या पायथ्याचे १२ मेगावॅटचे वीजकेंद्र तर असे आहे, की ते वीज करताना पाणी खाली सोडते आणि तेच पाणी उलट वर चढविण्याचीही त्याची रचना आहे. अशा नदीत काल जेथे दोन पुरुष पाणी होते तेथे आज छातीभर असू शकते, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही पाणी सारखेच हिरवे दिसते. आजोबांचे ज्ञान खोटे नव्हते. ज्या नदीचे ते होते ती नदी आता तेथे नाही.

उंचीचे गणित शाळेत शिकविले जाते, पण ते घाटावर कोणाला आठवत नाही. पाच मीटरवरून पडणारा देह पाण्याला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. दहा मीटरवरून तो ५० होतो आणि वीस मीटरवरून ७० च्या घरात जातो. हा वेग पाण्याला फार थोड्या अंतरात शोषून घ्यावा लागतो. पोट किंवा पाठ आडवी पडली तर तेच मऊ पाणी फरशीसारखे लागते. फुप्फुसे आणि प्लीहा यांना इजा होते, कमरेचे मणके दबतात. एवढ्यासाठीच स्पर्धेच्या तलावात दहा मीटरच्या फळीखाली सुमारे पाच मीटर पाणी ठेवतात. २०१३ पासून जागतिक स्पर्धांत पुरुषांसाठी २७ व स्त्रियांसाठी २० मीटरवरून उड्यांचे सामने होऊ लागले, त्यांतही खेळाडू पाण्यात पायांवर उतरतात, डोक्यावर नव्हे, आणि खाली पाण्यात सुटकेसाठी पाणबुडे आधीच तयार असतात. मेक्सिकोतील अकापुल्को येथे कड्यावरून समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत उड्या घेणारे कसलेले लोक जगप्रसिद्ध आहेत. ते कड्यावर उभे राहून काय करतात? लाट आत येऊन पाणी वाढण्याची वाट पाहतात. ज्यांचा तो पिढीजात धंदा आहे तेही प्रत्येक उडीपूर्वी खोली पाहतात. आमच्या मुलांनी मात्र कालच्या आठवणीवर सूर मारावा!

वास्तविक पुलाची उंची गाठण्याचीही गरज नाही. डॉक्टरांना विचारावे, ते सांगतील, की मान मोडण्यास माणसाच्या स्वतःच्या उंचीएवढी उडीही पुरते, पाणी उथळ असले म्हणजे झाले. डोके तळाला टेकते, मागून सबंध देहाचा भार त्यावर येतो, आणि मानेचा बहुधा पाचवा मणका त्या दाबाखाली फुटतो. आतील मज्जारज्जू चिरडला, की पाय जातात, पुष्कळदा हातही जातात, आणि ते परत येत नाहीत. याहून भीषण गोष्ट पुढची आहे. असा मुलगा शुद्धीवर असतो, पण त्याला हात हलविता येत नाही. तो पालथाच तरंगतो, ओरडू शकत नाही, आणि काठावरचे सोबती तो श्वास कोंडून गंमत करीत आहे असे समजून हसत राहतात. मग उशिरा धांदल उडते. कोणी त्याला काखेत धरून ओढतो, कोणी मान वळवितो, कोणी पोट दाबतो. जी मान अर्धी शाबूत होती ती या उपकारात पुरती जाते. तोंड पाण्याबाहेर ठेवून, डोके, मान व धड एका रेषेत धरून, फळीवर बांधून बाहेर काढावे, आणि श्वास थांबला असेल तर आधी तो द्यावा, एवढे शिक्षण एका दुपारी देता येते.

धरणाच्या दारांखालच्या आणि धबधब्याखालच्या पाण्याबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ते पांढरे फेसाळ दिसते ते त्यात हवा मिसळलेली असते म्हणून, आणि असे पाणी माणसाला नीट उचलून धरीत नाही. शिवाय त्यातला उलटा भोवरा पोहणाऱ्याला पुन्हा पुन्हा प्रपाताखालीच खेचतो. जून २०२४ च्या अखेरीस ताम्हिणी घाटात धबधब्याच्या डोहात एका धडधाकट माणसाने घेतलेली उडी अवघ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिली. तो पोहत काठापर्यंत आला होता. प्रवाहाने त्याला तेथून नेले. चित्रफितीचा हा नाद नवा आहे आणि तो गावोगाव पोहोचला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुराच्या कृष्णेत उड्या घेणाऱ्यांभोवती पूर्वी शंभर माणसे जमत; आता न जमलेली लाख माणसे टाळ्या वाजवितात, आणि त्यांतल्या एकालाही पाण्यात उतरावे लागत नाही.

यावर सरकारी यंत्रणेचा ठरलेला उपाय म्हणजे मनाईचा फलक. अपघात झाला की फलक लागतो आणि कर्तव्य संपते. फलकाने मुले हटत नाहीत हे फलक लावणारेही जाणतात, कारण तेही एके काळी मुलेच होते. पुलांवरून आणि दारांच्या जवळपास उडी घेण्यास सक्त बंदी असावी, ती पोलिसांकरवी पाळली जावी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु घाटासाठी बंदीहून उपयोगी गोष्ट म्हणजे माहिती. नाथसागरात किती टक्के साठा आहे याचा आकडा पाटबंधारे खाते देते आणि आम्ही छापतो; घाटाच्या शेवटच्या पायरीपुढे पाणी किती हा आकडा आम्हीही छापीत नाही, ही चूक आमच्याही पदरी घालावी. घाटाच्या भिंतीवर आणि पाण्यातील खांबावर दुरून वाचता येतील असे मोजणीचे आकडे रंगवावेत. कोठे खडक आहे, कोठे वाळू उपशाने खड्डा झाला आहे, हे दर उन्हाळ्यापूर्वी तपासावे. विसर्ग वाढविण्यापूर्वीच नव्हे, तर तो कमी केल्यावरही घाटावर कळवावे. पूर येणार म्हणून भोंगा वाजतो, पाणी उतरले म्हणून वाजत नाही, आणि माना उतरलेल्या पाण्यातच मोडतात. नगरपरिषदेने घाटाचा एक भाग पोहण्यासाठी राखून तेथे गावातील पट्टीच्या पोहणाऱ्यांना पगारी जीवरक्षक नेमावे. बुडालेल्याचा शोध घेताना प्रशासनाला त्यांची आठवण होतेच. ती थोडी आधी व्हावी.

शके १५२१ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्या फाल्गुन वद्य षष्ठीस देह गोदावरीला अर्पण केला, त्या तिथीला दरवर्षी लाखो वारकरी या घाटांवर उतरतात. त्यांच्यात परगावची, हे पाणी प्रथमच पाहणारी मुले असंख्य असतात, आणि त्यांना येथला खडक दाखविणारे आजोबा बरोबर नसतात. येत्या षष्ठीच्या आधी पायऱ्यांवर ते आकडे रंगविण्यास रंगाचे दोन डबे आणि एक आठवडा पुरेल.