टेप बदलली का? मशीनलाच विचारा!

होस्टेलवर राहिलेल्या माणसाला गजराबद्दल कोणी शिकवायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री पहाटे चारचा गजर लावायचा. तो वाजतो, अख्खी विंग जागी होते, आणि ज्याचा गजर तो मात्र बटण दाबून पुन्हा घोरायला लागतो! आता कोणी म्हणेल, याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? आहे ना राव.

प्रोजेक्टच्या यादीत 'ऑटोमॅटिक रिमाइंडर' हा प्रकार दर वर्षी असतोच. त्यातलाच एक म्हणजे, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची बॅकअपची टेप बदलायची आठवण. रोज साडेपाचला ऑपरेटरला मेल, सोबत एसएमएस. प्रोग्राम दहा ओळींचा, मार्क भरपूर. माझं म्हणणं एवढंच, की हा नुसता गजर झाला. गजराला माणूस उठला का नाही ते कळत नसतं.

"टेप? अजून?" असं फर्स्ट इयरवाले विचारतीलच. होय, अजून. 2000 साली आलेल्या पहिल्या एलटीओ टेपमध्ये 100 जीबी मावायचे, 2021 च्या नवव्या पिढीत 18 टीबी मावतात. फेब्रुवारी 2011 मध्ये एका बगमुळे जीमेलच्या काही खात्यांतल्या मेल गायब झाल्या, तेव्हा गूगलने त्या टेपवरूनच परत आणल्या. बग चालू मशीनवरच्या सगळ्या प्रतींपर्यंत पोचू शकतो, कपाटातल्या टेपपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

पण टेप कपाटात गेली तर ना! ती बदललीच नाही तर दोन घोटाळे होतात. एक म्हणजे मंगळवारच्या प्रतीवर बुधवारची प्रत बसते. सोमवारी झालेली चूक शुक्रवारी सापडली, तर सोमवारच्या आधीचं काहीच हातात नाही. दुसरं म्हणजे टेप मशीनच्याच पोटात राहते. शॉर्टसर्किट होऊ दे नाहीतर 2019 सारखा सांगली-कोल्हापूरला पूर येऊ दे, मूळ आणि नक्कल एकदमच जाणार. एखाद्या पतसंस्थेत असं झालं तर सभासदांनी पैपै करून साठवलेल्या ठेवींचा हिशोब कुठून आणायचा?

मग करायचं काय? कॅलेंडरला विचारण्यापेक्षा मशीनला विचारायचं. आयबीएमचं एएस/400 हे 1988 सालचं मशीन घ्या. (त्याचा वंश अजून चालू आहे, आता त्याच्या सिस्टीमला आयबीएम आय म्हणतात.) त्यात प्रत्येक टेपला आधी एक नाव देऊन ठेवता येतं, समजा सोम01, मंगळ01. बॅकअपच्या तासभर आधी जॉब शेड्युलरने एक छोटा प्रोग्राम चालवायचा. त्यात 'चेक टेप' ही आज्ञा ड्राइव्हमध्ये आज हवी तीच टेप आहे का ते बघते. असेल तर गप्प बसायचं. नसेल तरच ऑपरेटरच्या स्क्रीनवर मेसेज आदळायचा, तोही टेप बदलेपर्यंत दर दहा मिनिटांनी. रोज येणारी आठवण माणूस आठवड्याभरात वाचायचं सोडून देतो. क्वचित येणारी वाचतो.

आणि हे आधीच करायचं. चुकीची टेप असेल तर बॅकअपचा जॉब रात्री कन्सोलवर प्रश्न टाकून उत्तराची वाट बघत थांबू शकतो. रात्री दोनला उत्तर कोण देणार, वॉचमन?

पण गप्प बसण्यातही धोका आहे बरं का. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी! बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो दर वेळी फेल होत होता. फेल झाल्याची मेल जायची सोय होती, पण त्या मेल समोरच्या सर्व्हरने नाकारलेल्या. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक वेगळी प्रत मिळाली, म्हणून निभावलं. म्हणून बॅकअप नीट झाला की सकाळी 'झाला' अशी एक ओळ साहेबांकडे यायलाच हवी. ती आली नाही, की साहेबांनी खुर्चीतून उठायचं.

साहेबांचं नाव मुद्दाम घेतलं. सर्व्हर रूमची किल्ली बहुतेक ऑफिसांत मोठ्या माणसाकडे असते, एसएमएस मात्र जातो सगळ्यात ज्युनियर ऑपरेटरकडे. किल्लीवाला पाच वाजता घरी गेलेला, मोबाईल वाजतोय याचा. आणि उद्या काही झालं तर मेमोही यालाच! मला तर हा सरळ अन्याय वाटतो. प्रोग्राम लिहिण्याआधी दोन ओळी कागदावर लिहून घ्या: किल्ली कोणाकडे, आणि तो दिवाळीला गावी गेला तर कोणाकडे. दुसऱ्या ओळीतलं नावही प्रोग्राममध्ये घाला. अर्ध्या तासात टेप बदलली नाही, तर मेसेज त्या दुसऱ्याला गेला पाहिजे.