घातांक पुढे का येतो?

अकरावीत कलनाची ओळख होते तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा एक कृतीच पडते : घातांक पुढे गुणायला आणा आणि वरचा घातांक एकाने कमी करा. क्षच्या वर्गाचे विकलन दोन क्ष, घनाचे तीन क्षवर्ग. कृती इतकी सोपी आहे की एका तासात सगळा वर्ग कितीही लांब बहुपदीचे विकलन काढू लागतो, शिक्षकांना समाधान वाटते आणि धडा पुढे सरकतो. हा घातांक पुढे का येतो, हे मात्र बहुतेकांना कधीच कळत नाही. माझ्या मते नियमाआधी त्याचे कारण फळ्यावर यायला हवे. त्यासाठी नवे काही शिकवावे लागत नाही, शाळेतले अवयव पाडणे पुरते.

क्षवर्गाच्या वक्रावर दोन बिंदू घ्या, एक अ या ठिकाणचा आणि दुसरा क्ष या ठिकाणचा. त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे क्षवर्ग वजा अवर्ग, भागिले क्ष वजा अ. अवयव पाडले की उरते क्ष अधिक अ. आता दुसरा बिंदू पहिल्यावर आणून ठेवा, म्हणजे क्षच्या जागी अ लिहा : उत्तर दोन अ. घनाच्या बाबतीत भागाकार केल्यावर क्षवर्ग, क्षअ आणि अवर्ग अशी तीन पदे उरतात. क्षच्या जागी अ येताच तिन्ही पदे अवर्ग होतात, म्हणून तीन अवर्ग. चौथ्या घाताला अशी चार पदे मिळतात, पाचव्याला पाच. पदे जितकी, तितका गुणक. आणि एक अवयव भागाकारात निघून गेल्यामुळे घात एकाने कमी. संपूर्ण नियम एवढ्यात सिद्ध होतो. हाच हिशेब पडणाऱ्या वस्तूलाही लावता येतो. ती ट सेकंदांत साधारण ४.९ गुणिले टवर्ग मीटर पडते, म्हणून दोन सेकंदांपासून ट सेकंदांपर्यंतचा सरासरी वेग ४.९ गुणिले (ट अधिक २). टच्या जागी २ घातले की त्या क्षणाचा वेग मिळतो, सेकंदाला १९.६ मीटर.

यावर पहिला आक्षेप काटेकोर गणितज्ञ घेतील : शून्याने भागून चालते का? १७३४ मध्ये बिशप बर्कले यांनी न्यूटनच्या पद्धतीवर नेमका हाच हल्ला चढवला होता आणि त्याला पक्के उत्तर मिळायला एकोणिसाव्या शतकात कोशीपर्यंत थांबावे लागले. पण बहुपदीत ही अडचण मुळातच उरत नाही, कारण भागाकार आधी पूर्ण होतो आणि मागे राहते ती साधी बहुपदी, जिच्यात क्षच्या जागी अ घालायला कुणाचीच हरकत नसते. शिवाय स्पर्शिका म्हणजे वक्राला एकाच बिंदूत दोनदा भेटणारी रेषा, हेही दहावीचा विद्यार्थी समजू शकतो. विवेचक शून्य असला की वर्गसमीकरणाची मुळे समान येतात, हे त्याला ठाऊक असते. देकार्तने १६३७ मध्ये समान मुळांचाच आधार घेतला आणि हुड्डेने त्यावरून बांधलेला नियम १६५९ मध्ये छापला गेला. लायब्निट्सचा कलनावरचा पहिला लेख त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १६८४ मध्ये आला. बीजगणिताची ही वाट इतिहासातही आधीची आहे.

कारण न कळता नियम पाठ झाला की तो नको तिथे वापरला जातो. दोनचा क्ष घात दिला की मुले बेधडक क्ष गुणिले दोनचा क्ष वजा एक घात लिहितात. दोन फलांच्या गुणाकाराचे विकलन म्हणजे विकलनांचा गुणाकार, ही चूकही सर्रास आढळते. असेच असेल का, ही शंका खुद्द लायब्निट्सच्या नोव्हेंबर १६७५ मधल्या टिपणांत दिसते आणि त्याच महिन्यात त्याने ती स्वतः तपासून दूर केली. क्षवर्ग गुणिले क्षघन घेऊन पाहिले तर सहा क्षघन आणि पाच गुणिले क्षचा चौथा घात यांतला फरक लगेच दिसतो. पण तपासून पाहायची सवय तर लागायला हवी, आणि ती पहिल्याच नियमापासून लागते.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यांतही अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के, म्हणून अकरावी घाईत उरकली जाते. पण वर दिलेला युक्तिवाद एका तासाच्या अर्ध्यात मावतो आणि पुढच्या चुका दुरुस्त करण्याचा वेळ वाचवतो. मूलतत्त्वावरून विकलन अभ्यासक्रमात आहेच, असेही सांगितले जाते. आहे, पण ते ठरावीक चार ओळींच्या रूपात पाठ होते आणि त्यात पदे मोजण्याची संधी हरवते. साइन फलाला ही पद्धत लागू पडत नाही, हेही खरे. तिथे भागाकार असा सुटत नाही, म्हणूनच सीमेची (लिमिटची) गरज तिथे मुलांना स्वतःहून जाणवेल. आज सीमा आधी येते आणि ती कशासाठी आली हे कुणाला कळत नाही.

अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालये स्वतःच घेतात, त्यामुळे कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायला नको. गणिताच्या शिक्षकांनी यंदाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घालावा : क्षच्या पाचव्या घाताच्या विकलनात ५ कुठून आला, ते दाखवा.