मुलाखतीतील तुळई

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आणि पुढे यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलामुलींचा ओढा अलीकडे सिम्युलेशन ॲनालिस्टच्या नोकरीकडे दिसतो. वाहनाचा एखादा भाग कारखान्यात घडण्यापूर्वीच तो भार सोसेल की मोडेल, हे संगणकावर पडताळण्याचे हे काम. पालक उसनवारी करून सॉफ्टवेअरच्या क्लासची फी भरतात, मुलाच्या हाती ॲन्सिस, हायपरमेशची प्रमाणपत्रे येतात, आणि तरीही पुण्यातील पहिल्याच तांत्रिक मुलाखतीत तो गारद होतो. घरी येऊन सांगतो, "इंग्रजी कमी पडले." दोन-तीन नकारांनंतर तो ही वाटच सोडतो, कर्ज मात्र घरात राहते. इंग्रजीची अडचण आम्ही नाकारीत नाही. पण निदान बहुतेक वेळा चुकलेले असते, असे आमचे मत आहे.

मुलाखतीत विचारतात काय, ते पाहावे. एक टोक भिंतीत पक्के रोवलेली तुळई, मोकळ्या टोकावर भार. लांबी दुप्पट केली तर टोक किती पट खाली वाकेल? आठ पट, कारण हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. आकार व भार तेच ठेवून तुळई पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली, तर स्ट्रेस किती वाढेल? "वाढेल" हा शब्द प्रश्नातच पेरलेला असतो आणि घाईतला उमेदवार त्याला फसतो. तुळईचे स्वतःचे वजन सोडले तर स्ट्रेस बदलतच नाही. वाकणे मात्र जवळपास तिप्पट होते, कारण यंगचा गुणांक पोलादाचा सुमारे 200 गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा सुमारे 70. पुढचा प्रश्न अधिक कसोटीचा: मेश बारीक करीत गेलात आणि आतल्या धारदार कोपऱ्यातील स्ट्रेस वाढतच राहिला, तर काय समजाल? भाग तुटणार, असे सांगून मोकळा होणारा येथे अडकतो. आराखड्यातील त्या कोपऱ्याला गोलाईच दिलेली नसल्याने गणितात तेथील स्ट्रेसला मर्यादा उरत नाही. प्रत्यक्ष भागात थोडी तरी गोलाई असते. यांपैकी एकाही प्रश्नाला सॉफ्टवेअरचे बटण ठाऊक असून भागत नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. साधनाची चिकित्सा केल्यावाचून त्याची साक्ष मानू नये, हे आमच्या विषयाचे पहिले पथ्य. या कामातही तेच लागते. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळ 'स्लाइप्नर ए' या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा अवाढव्य काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी समुद्रात बुडाला. संगणकीय विश्लेषणात भिंतींवरील शिअर स्ट्रेस सुमारे 47 टक्के कमी धरला गेला होता. मेश ओबडधोबड होती, पण संगणकाने उत्तर दिले आणि ते मानले गेले. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे झाले. मुलाखत घेणारा शोधत असतो तो रंगीत चित्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी कागदावर हिशेब करणारा, आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराशी जुळते का हे तपासणारा माणूस.

अशी सवय तीन महिन्यांच्या क्लासात लागत नाही. म्हणून या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे आहे. देणगीइतकीच आम्हांला त्यांच्या दिवाळीच्या सुट्टीतील दोन दिवसांची गरज आहे. त्यांनी नोकरी शोधणाऱ्या धाकट्या भावंडांना फळ्यासमोर उभे करावे, प्रश्न आधी मराठीत विचारावा, मग तोच इंग्रजीत, उत्तर चुकले तर हसू नये, "का?" एवढेच विचारावे. नववी-दहावीची मुलेही मागच्या बाकांवर बसतील. त्यांच्यासाठी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरलेली प्लॅस्टिकची फूटपट्टी आणि टोकाला दोऱ्याने टांगलेला एक नट पुरे. पट्टी आधी 10 सेंटिमीटर बाहेर काढावी, मग 20, आणि किती वाकली ते मुलांनाच मोजू द्यावे.