वेगाची हौस

आजकाल आमच्या विद्यार्थिवर्गांत एक नवीच हौस शिरली आहे. संगणक सुरू होत असतांना डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबावयाची, मदरबोर्डाच्या बायोसमध्यें शिरावयाचें आणि प्रोसेसर व रॅम यांचा वेग कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेपलीकडे न्यावयाचा. यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वडीलमंडळी म्हणतात, "तेथें हातच लावूं नका." विद्यार्थी म्हणतात, "यंत्र सुरू झालें ना, मग बिघडलें काय?" आमच्या अल्प मतीप्रमाणें हीं दोन्ही मतें एकांगी आहेत.

प्रथम वडीलमंडळींचें मत घेऊं. ही हौस म्हणजे निव्वळ उनाडपणा नव्हे. १९९८ सालीं इंटेल कंपनीनें सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणिला. त्याचा गुणक साडेचार व बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ होता. बस १०० वर नेतांच त्यांतील पुष्कळ प्रोसेसर ३०० च्या ऐवजीं ४५० मेगाहर्ट्झनें चालूं लागत, आणि महाग प्रोसेसर न परवडणाऱ्यांस त्याचा मोठा लाभ होई. शिवाय यांत पदार्थविज्ञानाचा उत्तम पाठ आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणांत आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत खर्च होते. म्हणून वेग व दाब हे दोन्ही शेंकडा १० नीं वाढविले, तर उष्णता शेंकडा सुमारें ३३ नीं वाढते. हें ज्यानें पंख्याच्या घरघरींत एकदां ऐकिलें, त्यास तें पाठ करावें लागत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांचें मत. आम्हीं स्वतः एकदां घरच्या संगणकांतील रॅमचा वेग ३२०० वरून ३८०० वर नेला. संगणक सुरू झाला. खेळही सुरेख चालले. त्याच आठवड्यांत जुन्या डिस्कवरील छायाचित्रें आम्हीं नव्या डिस्कवर उतरविलीं व जुनी पुसून टाकिली. दोन महिन्यांनीं आईनें आजीचें छायाचित्र मागितलें, तों त्याचा खालचा अर्धा भाग नुसता करडा! मागाहून मेमटेस्ट चालविली तेव्हां चुकांची रांगच लागली. प्रोसेसर जळला असता तर नवा आणितां आला असता. आजी आतां हयात नाहीं, आणि त्या छायाचित्राची दुसरी प्रत कोणापाशीं नाहीं.

यंत्र सुरू होणें आणि यंत्र बरोबर चालणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें आम्ही अशा रीतीनें शिकलों. बंद पडणारें यंत्र निदान आपली अडचण कळवितें. न बोलतां चूक करणारें यंत्र घात करितें.

म्हणून आमच्या बंधुभगिनींस विनंति अशी कीं, संगणक घरांतील सर्वांचा असेल तर अगोदर सर्वांची परवानगी घ्यावी. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. एका वेळीं एकच आंकडा बदलावा व पूर्वीचा वहींत टिपून ठेवावा. मग रात्रभर मेमटेस्ट चालवावी, आणि एक जरी चूक आढळली तरी मागें फिरावें. वीज तोडून मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी कांहीं वेळ काढून ठेविली कीं बायोसचे मूळ आंकडे परत येतात. नासलेली फाइल मात्र परत येत नाहीं.