माशांना पाव कशाला?

मालवणला जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा, त्यात एक व्हिडिओ हमखास सापडतो. हिरवट निळं पाणी, डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात नळी, अंगात नारिंगी लाईफ जॅकेट आणि हातात पावाचा तुकडा. भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे नुसते तुटून पडलेले. आमच्या नात्यागोत्यातच असे सात-आठ व्हिडिओ मी पाहिले आहेत. माणूस तेवढा बदलतो, पाव तोच आणि मासेही बहुधा तेच!

आता आधीच सांगून टाकतो, स्नॉर्कलिंगच्या सहलीविषयी माझी काही तक्रार नाही. उलट आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी समुद्रात डोकं घालून बघावं, असं माझं मत आहे. माझा आक्षेप आहे तो त्या पावाला. आणि हा आक्षेप बोटवाल्यांपेक्षा आपल्यालाच, म्हणजे पर्यटकांना, जास्त लागू आहे. कसा ते सांगतो.

आधी जागा कुठली ते समजून घेऊ. सिंधुदुर्ग किल्ला आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं, १६६७ साली ते पुरं झालं. किल्ला पाहायला जातो तेव्हा आपण तट पाहतो, बुरूज पाहतो, महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहतो आणि परत फिरतो. पण किल्ल्याच्या भोवतालचं पाणी हे अभयारण्य आहे, हे किती जणांना माहीत असतं? मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सगळ्यात जपायचा भाग, म्हणजे गाभा, तो सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि आसपासचे पाण्यातले खडक यांच्या भोवतीचा. स्नॉर्कलिंगच्या बोटी जातात त्या याच परिसरात.

बीडकरांसाठी एक तुलना करतो. आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचं. त्याचंही क्षेत्र साधारण तीस चौरस किलोमीटरच. म्हणजे दोन्ही अभयारण्यं जवळजवळ सारख्या आकाराची, एक कोरड्या डोंगरावर आणि दुसरं खाऱ्या पाण्यात. नायगावला मोर बघायला गेलेला माणूस मोराच्या अंड्यांवर पाय देऊन फोटो काढील का? नाही काढणार, कारण अंडं काय असतं ते त्याला कळतं. मालवणच्या पाण्यात मात्र माणूस ज्यावर पाय रोवून उभा राहतो ते जिवंत आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. त्याला तो दगड वाटतो.

तो दगड नसतो, प्रवाळ असतं. पोवळं म्हटलं की आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालायचा लाल खडा डोळ्यांपुढे येतो. तो लाल प्रकार वेगळा, बराचसा भूमध्य समुद्रातून येणारा. मालवणची पोवळी हिरवट, तपकिरी, पिवळसर. त्यांचा गोळा म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतो, त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा देतं. ही भागीदारी चालली तर पोवळं वाढतं. वाढतं म्हणजे किती? गोल गठ्ठ्यासारखे जे प्रकार आहेत ते वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा हा आमच्या नातवंडांपेक्षा वयानं मोठा असतो. त्यावर ऐंशी किलोचा माणूस उभा राहिला, की त्या नाजूक जिवांचं काय होत असेल याचा हिशेब कुणीही करावा.

बरं, कायद्यानंही हे प्राणी साधे नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे आणि त्याच अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळंही आहेत. वाघाच्या पाठीवर कुणी उभा राहत नाही, त्याचं कारण कायदा नव्हे हे मला समजतं! पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल.

आता पावाकडे येऊ. पाव टाकला की मासे येतात, हे खरं. पण येतात कोण? धीट आणि दांडगे. लाजरे, लहान मासे मागे हटतात. रोज शेकडो माणसं पाव टाकू लागली की हे दांडगे मासे बोटीची वाट बघत बसतात. पूर्वी लग्नाच्या मांडवाबाहेर कुत्री बसायची ना, अगदी तसं. काही मासे खडकावरचं शेवाळ खुडून खातात आणि पोवळ्यांना जागा मोकळी करून देतात. आयतं मिळायला लागल्यावर कोण कशाला खुडील? शिवाय मैदा हे माशाचं अन्न नव्हे, आणि उरलेला पाव कुजतो तो त्याच पाण्यात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पर्यटकांच्या पाण्याखालच्या वावरानं मालवणच्या प्रवाळांची कशी मोडतोड होते, हे २०२० साली नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा हा काही एका म्हाताऱ्या मास्तरचा कल्पनाविलास नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी स्वतः लेकीच्या कुटुंबाबरोबर त्या पाण्यात उतरलो होतो. आमच्याकडे पोहणं म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून आम्ही शिकलो, तेव्हा लाईफ जॅकेटचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खाली दिसणाऱ्या रंगांचं. बोटीवर विशीतला एक मुलगा होता, आम्हाला पाण्यात धरून फिरवणारा. त्यानं ठरल्याप्रमाणे प्रत्येकाला पाव दिला, प्रत्येकाचा व्हिडिओ काढला, दहा-बारा मिनिटांत एकेकाला वर घेतलं. मी पाव घेतला नाही म्हणून तो थोडा गोंधळला. "आजोबा, मासे नाही आले तर तुम्हीच म्हणाल काही दाखवलं नाही," असं म्हणाला. मी म्हटलं, "मासे राहू दे रे, खाली ते गोल गोल काय आहे ते सांग."

आणि मंडळी, तो मुलगा बोलायला लागला! कुठलं पोवळं मेंदूसारखं दिसतं, कुठलं फुलासारखं हलतं, कुठल्या कपारीत दिवसा मासा झोपतो, वारा कुठला असला की पाणी गढूळ होतं, त्याचे वडील कुठल्या खडकापाशी जाळं टाकत नसत आणि का. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचं संपलं नव्हतं. मी विचारलं, "हे तू सगळ्यांना का सांगत नाहीस?" तर म्हणाला, "कोणी विचारत नाही, आजोबा."

माझ्या सगळ्या म्हणण्याचं सार या तीन शब्दांत आहे. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिल्यामुळे मला एक कळतं, की शिकवणाऱ्याजवळ काय आहे यापेक्षा ऐकणारे काय मागतात यावर तासाचा दर्जा ठरतो. आपण व्हिडिओ मागितला, त्यांनी व्हिडिओ दिला. आपण हातावर मासे मागितले, त्यांनी पाव आणला. त्या मुलाच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे आणि आपण पैसे देऊन त्याच्याकडून हमाली करून घेतो.

यावर दोन-तीन आक्षेप मला घरातच ऐकायला मिळाले. पहिला असा की, "बाबा, त्यांच्या पोटावर पाय कशाला देता? मासे दिसले नाहीत तर कोण येईल?" हा आक्षेप मी हलका मानत नाही. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला अनेक वर्षं विरोध केला, कारण आपली मासेमारी बंद पडेल ही त्यांची भीती होती. त्याच समाजातल्या कितीतरी घरांची चूल आज पर्यटकांवर पेटते, आणि पावसाळ्यात तर बोटी बंदच असतात. पण ताडोब्याचं उदाहरण घ्या. तिथे गाडीतून खाली उतरता येत नाही, वाघ दिसेलच अशी हमी नाही, तरी लोक रांगा लावतात. का? कारण नियम कडक आहेत म्हणून त्या जागेची किंमत वाढली. मालवणला पोवळीच उरली नाहीत तर मात्र पावसुद्धा उपयोगाचा नाही.

आपल्या देशात समुद्राचंही उदाहरण आहे. अंदमानातल्या वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं. तिथे दिवसभराच्या बोटीनं जॉली बॉय बेटावर नेतात, पण प्लास्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेऊ देत नाहीत, आणि वर्षाचा काही काळ ते बेट बंद ठेवून लोकांना रेड स्किन बेटावर नेतात. शेतकऱ्यानं जमीन पडीक ठेवावी तसं. थायलंडनं तर माया बे नावाची जगप्रसिद्ध खाडी २०१८ साली पर्यटकांसाठी चक्क बंद केली. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं तिथे जात होती, नांगर टाकून पोवळ्यांची वाट लागली होती. २०२२ च्या जानेवारीत खाडी उघडली तेव्हा बोटींना आत यायची बंदी होती. मधल्या काळात तिथे शार्क मासे परत आले होते. मोडलेलं सगळं भरून येत नाही, पण विसावा दिला तर निसर्ग उभारी धरतो.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा. समुद्र तापल्यामुळे जगभरची पोवळी मरत असताना तुम्ही पावाचं काय घेऊन बसलात? आता हे बघा. २०१६ साली एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्या जिल्ह्यातल्या छावण्या आणि टँकर कोण विसरेल? त्याच वर्षी लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली. दोन्हींच्या मागे एकच एल निनो होता. पाणी तापलं की पोवळ्याच्या अंगातलं शैवाल निघून जातं आणि नुसता पांढरा सांगाडा दिसतो. पाणी लवकर निवलं तर पोवळं वाचतं, नाही तर उपाशी मरतं. २०२४ साली पुन्हा जगभर हेच झालं. तापानं फणफणलेल्या माणसाचा ताप आपल्याला उतरवता येत नसेल, म्हणून काय त्याच्या छातीवर उभं राहायचं? दुष्काळातल्या माणसाला हे जास्त समजायला हवं.

आणि हो, पोवळ्यांच्या जिवाबरोबर स्वतःच्या जिवाचंही बघा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. मोसम संपत आला होता, समुद्र खवळायचे दिवस होते. म्हणून लाईफ जॅकेट बोटीत चढतानाच घालायचं, ते परत किनाऱ्यावर उतरल्यावरच काढायचं. बोटीत माणसं जास्त वाटली तर दुसरी बोट बघायची. तांडेल म्हणाला आज नको, तर आज नको. पैसे वसूल करायची घाई समुद्राला समजत नाही.

माझ्या मते करायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. बोटीत बसण्याआधी दहा मिनिटं काय बघायचं आणि कशावर पाय द्यायचा नाही ते सांगावं. बोटी दरवेळी नांगर टाकण्याऐवजी कायमच्या बांधलेल्या बोयाला लावाव्यात. पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीतच आहे, तेव्हा त्या पोरांना माहिती सांगण्याचंही रीतसर शिक्षण आणि त्याचे वेगळे पैसे मिळावेत. हे सरकार करील तेव्हा करील. पण आपल्या हातात जे आहे त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

या दिवाळीनंतर आपल्यापैकी दोन-तीन कुटुंबं मालवणला निघालीत असं कानावर आलंय. जरूर जा. पाण्यात आडवे तरंगा, पाय खाली टेकवू नका, पाव दिला तर नको म्हणा. आणि जो मुलगा तुम्हाला धरून फिरवील त्याला विचारा, "हे काय आहे?" त्यानं चांगलं सांगितलं तर परतताना त्याच्या हातावर ठरलेल्यापेक्षा शंभर-दोनशे जास्त ठेवा. आल्यावर मला व्हिडिओ दाखवू नका, त्यानं काय काय सांगितलं ते सांगा.